न्हाणीघरातलं प्लॅस्टिक: बंदीच्या यादीत एकच वस्तू, मग बाकीचं काय?

वडोदरा : 1 जुलै 2022 पासून देशभर एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकवर बंदी आहे. ती यादी एकदा नीट वाचून बघा. प्लेटा, पेले, चमचे, स्ट्रॉ, फुग्याच्या आणि आइस्क्रीमच्या काड्या, सजावटीचं थर्माकोल, मिठाईच्या डब्यावरची चकचकीत फिल्म, 100 मायक्रॉनपेक्षा पातळ बॅनर. जवळजवळ सगळी यादी लग्नाच्या मांडवातली, नाहीतर खाऊगल्लीतली. न्हाणीघरातली वस्तू त्यात एकच सापडते: प्लॅस्टिकच्या काडीचा इअरबड. शाम्पूची पुडी, टूथपेस्टची ट्यूब, ब्रश, रेझर, हँडवॉशची बाटली, सॅनिटरी पॅड, बाळाचा डायपर, यातल्या कशालाही त्या यादीने हात लावलेला नाही.

राज्यांचे कायदे वेगवेगळे आहेत. कर्नाटकाने मार्च 2016 मध्ये बंदी आणली, महाराष्ट्राने 23 मार्च 2018 ला आणली आणि पहिल्या वेळी 5,000 रुपये दंड ठेवला. इकडे गुजरातेत मुख्यतः केंद्राचीच यादी चालते. पण बाथरूमच्या बाबतीत तिन्ही राज्यं सारखीच. नवापूरच्या स्टेशनात फलाटावर चालता चालता राज्य बदलतं, पण एक रुपयाची शाम्पूची पुडी दोन्ही टोकांना एक रुपयालाच मिळते आणि रिकामी झाल्यावर दोन्ही टोकांना रुळावरच पडते.

तेव्हा हा कचरा कमी करायचा तर कायद्याची वाट बघून चालणार नाही. आणि नुसतं 'प्लॅस्टिक टाळा' म्हणूनही भागत नाही, कारण टाळायला खर्च येतो का, किती येतो, कोणावर येतो, हा खरा प्रश्न आहे.

आधी वडोदऱ्याबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. हे शहर प्लॅस्टिक फक्त वापरत नाही, बनवतंही. कोयलीची रिफायनरी 1965 ची. आयपीसीएल, म्हणजे इंडियन पेट्रोकेमिकल्स, 1969 ची. नाफ्थ्यापासून पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन बनवणारा हा सरकारी कारखाना पुढे 2002 मध्ये खासगी हातात गेला, 2007 मध्ये रिलायन्समध्ये विलीन झाला. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या कितीतरी मराठी घरांचे पगार या कारखान्यांतून आले. त्यामुळे इथे उभं राहून प्लॅस्टिकला राक्षस म्हणणं जरा अवघडच आहे. त्याच शहरात अलेम्बिकही आहे, 1907 ची. औषधांबरोबर काचेचा कारखानाही त्यांनी काढला, 'येरा'चे ग्लास आजही घराघरात असतात. म्हणजे काचेची बाटली आणि प्लॅस्टिकची बाटली, दोन्ही या एकाच गावच्या. प्लॅस्टिक वाईट की चांगलं या वादात न पडता कोणतं प्लॅस्टिक पुन्हा कामाला येतं आणि कोणतं येत नाही, एवढंच पाहू.

पुडीचा हिशेब

सगळ्यात अवघड वस्तू शाम्पूची पुडी. तिची कल्पना तमिळनाडूतल्या कडलूरची. चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू पुडीत भरून विकायची वाट काढली, आणि त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी 1983 मध्ये 15,000 रुपयांच्या भांडवलावर 'चिक' शाम्पू सुरू केला. वडिलांच्याच नावाची अक्षरं. ज्याला अख्खी बाटली परवडत नाही त्यालाही शाम्पू मिळावा, हा विचार चांगलाच होता, त्यात खोट काढायचं कारण नाही. पुढे त्यांनी एक योजना काढली होती: कुठल्याही कंपनीच्या पाच रिकाम्या पुड्या आणा आणि 'चिक'ची एक पुडी फुकट न्या. हेतू विक्रीचा होता, पर्यावरणाचा नव्हे. पण लोकांनी रिकाम्या पुड्या गोळा करून दुकानात आणून दिल्या, हे महत्त्वाचं. रिकाम्या पुडीला किंमत आली की ती गटारात जात नाही.

आज तिला किंमत नाही. एका पुडीचं वजन जेमतेम ग्रॅमभर, बऱ्याचदा त्याहून कमी. भंगारचा सगळा व्यवहार किलोवर. किलोभर माल व्हायला हजाराच्या वर पुड्या वेचाव्या लागतील, त्याही आतून शाम्पूने बुळबुळीत झालेल्या. कचरा वेचणारी बाई बाटली उचलते आणि पुडी सोडते, त्यात तिचा आळस नाही, साधा हिशेब आहे. शिवाय पुडी एका पदराची नसते. छपाईचा थर वेगळा, ओल अडवणारा थर वेगळा, चिकटवणारा थर वेगळा, आणि काहींत ॲल्युमिनियमही. हे थर सुटे करून पुन्हा दाणे बनवणं परवडत नाही. गोळा झाल्याच तर अशा पुड्या बहुतेक सिमेंटच्या भट्टीत जळणासाठी जातात.

चार माणसांचं घर धरा, आठवड्यातून दोनदा डोक्यावरून अंघोळ. वर्षाला चारशेच्या वर पुड्या होतात. वजनात बघाल तर अर्ध्या किलोच्या आतबाहेर. आकडा मोठा, वजन नगण्य, म्हणून हा कचरा दिसतो सगळीकडे आणि विकला जात नाही कुठेच.

आता इथे सगळे जण सल्ला देतात की पुडी सोडा, मोठी बाटली घ्या. कॉमर्स शिकलेल्या माणसाने हा सल्ला देण्याआधी भागाकार करावा. एक रुपयाच्या पुडीत सहा मिलि शाम्पू धरला तर मिलिला साधारण 17 पैसे पडतात. बाटली 180 मिलिची आणि 120 रुपयांची धरली तर मिलिला 67 पैसे. तेवढाच शाम्पू पुड्यांतून घेतला तर 30 रुपयांत आला असता. आकडे ब्रँडप्रमाणे बदलतील, पण उलटा हिशेब बहुतेक ठिकाणी सापडतो. जगभर मोठं पाकीट स्वस्त पडतं, आपल्याकडे शाम्पूत लहान पाकीट स्वस्त पडतं. एक रुपया, दोन रुपये हे आकडे गिऱ्हाइकाच्या डोक्यात पक्के बसलेत आणि तिथे कंपन्यांची झुंज इतकी की कोणी भाव वाढवायला धजत नाही. बाटली घेणाऱ्याकडून नफा काढला जातो. तेव्हा पुडी घेणाऱ्या घराला 'बेपर्वा' म्हणायचं कारण नाही. ते घर बरोबर खरेदी करतंय.

हा भाव तुम्हाला स्वतःला तपासता येतो. पाकिटावर एमआरपीच्या जवळ आता प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलि दर छापलेला असतो. पुडी इतकी लहान असते की तिच्यावर तो बहुधा नसतो, तिथे भागाकार आपणच करायचा. आणि दोन्हींवरची घटकांची यादी जुळते का तेही पाहायचं.

मग पुडी कमी करायची कशी? ज्याला परवडतं त्याने सगळ्यात मोठी बाटली घ्यावी. लिटरच्या बाटलीत मिलिचा दर खाली येतो, आणि रिकामी बाटली पस्तीवाला घेतो. ज्याला परवडत नाही त्याने पुडीचं तोंड जरासंच कापून एका पुडीत दोन वेळा भागवावं. लहान केसांना सहा मिलि लागत नाहीत. चिमटा लावून ठेवली की दुसऱ्या वेळेपर्यंत टिकते. एवढ्यानं निम्मा कचरा कमी आणि पैसेही निम्मे.

कापताना कोपरा पूर्ण सुटा करू नका, लोंबता ठेवा. तो नखाएवढा तुकडा मोरीच्या जाळीतून सरळ खाली जातो. पुडी निदान टोपलीत जाते, कोपरा जातच नाही.

तिसरा मार्ग जुना आहे. मांडवीच्या बाजूला अजून जडीबुट्टीची दुकानं आहेत, गुजरातीत त्या दुकानदाराला 'गांधी' म्हणतात. शिकेकाई, रिठा (इथे 'अरीठा' मागा), आवळकाठी, सगळं सुटं, कागदात बांधून मिळतं. रात्री भिजत घालायचं, सकाळी उकळून गाळायचं. खटाटोप आहे, रोज कोणी करणार नाही, पण रविवारची एक अंघोळ यावर निघाली तरी वर्षाच्या 50 पुड्या माणशी कमी होतात. डोळ्यात गेलं तर झोंबतं, लहान मुलांना जपून.

कंपन्यांवरही जबाबदारी आहे, कागदावर. फेब्रुवारी 2022 च्या नियमांप्रमाणे, जितकं प्लॅस्टिकचं वेष्टन बाजारात आणलं तितकं गोळा करून त्याची विल्हेवाट लावल्याचं प्रमाणपत्र कंपनीला दाखवावं लागतं. ही प्रमाणपत्रं पुनर्वापर करणाऱ्या कारखान्यांकडून विकत मिळतात. 2023 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तपासणी केली तेव्हा गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांनी लाखो बनावट प्रमाणपत्रं काढल्याचं उघड झालं. तिन्ही राज्यं आपलीच, म्हणजे आपल्या वाचकांचीच. प्रमाणपत्र निघालं म्हणजे पुडी उचलली गेली, असं समजायचं कारण नाही.

साबणाची वडी की बाटली?

इथे मात्र हिशेब आणि पर्यावरण एकाच बाजूला आहेत. 22 सप्टेंबर 2025 पासून साबणाची वडी, शाम्पू, टूथपेस्ट, टूथब्रश यांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. लिक्विड हँडवॉश आणि बॉडीवॉश मात्र 18 वरच राहिले. सरकारने प्लॅस्टिकचा विचार करून हे केलं असेल असं वाटत नाही, पण परिणाम तोच. वडी स्वस्त, बाटली महाग. शिवाय पंप दाबला की गरजेपेक्षा जास्तच साबण हातावर येतो, आणि पंपात प्लॅस्टिकबरोबर धातूची स्प्रिंग असते, त्यामुळे तो भाग भंगारवालाही बाजूला काढतो.

वडीची एक अडचण खरी आहे, ती सांगितलीच पाहिजे. जिथे बोअरचं जड पाणी येतं तिथे साबणाला फेस येत नाही. पाण्यातले क्षार आणि साबण मिळून चिकट थर बनतो, तो बादलीवर दिसतो आणि केसांतही बसतो. म्हणून शहराबाहेरच्या नव्या सोसायट्यांत लोक लिक्विडकडे वळतात, त्यात नुसती फॅशन नाही. अंगाला वडी चालते. केसांसाठी मात्र साधा साबण न घेता 'शाम्पू बार' म्हणून मिळतो तो घ्यावा. त्यात शाम्पूसारखाच फेस आणणारा पदार्थ असतो, त्यामुळे जड पाण्यातही चालतो. महाग वाटतो, पण वापरल्यावर कोरड्या जागी उभा ठेवला तर बरेच आठवडे पुरतो. ओल्या साबणदाणीत ठेवलात तर आठवड्यात लगदा होतो आणि पैसे पाण्यात.

रिफिल पाऊचबद्दल लोक विचारतात. पाऊचला प्लॅस्टिक कमी लागतं, हे खरं. पण बाटली पस्तीवाला घेतो, पाऊच घेत नाही. तेव्हा पाऊच आणून बाटली वर्षानुवर्षं वापरत असाल तर फायदा आहे. दर वेळी पाऊचही आणि अधूनमधून नवी बाटलीही, असं होत असेल तर नाही.

अंग घासायला जाळीचा नायलॉनचा गोळा आणतात, त्याचे धागे झिजून पाण्यात जातात. आपल्याकडे याला फुकटात पर्याय आहे. देशावर आणि कोकणात ज्याला घोसाळं म्हणतात, खानदेशात गिलकं, आणि इकडे भाजीवाल्याकडे गलकां. वेलावर एक-दोन पूर्ण वाळू द्यायचे, साल काढायची, बिया झटकायच्या, झालं. पायाच्या टाचेला वज्री होतीच.

दात

टूथब्रश तीन-चार महिन्यांनी बदलावा असं दंतवैद्य सांगतात. चार जणांच्या घरात वर्षाला 12 ते 16 ब्रश. 1938 मध्ये अमेरिकेत नायलॉनचे केस लावलेला ब्रश बाजारात आला, त्याआधी जनावरांचे केस असत. आता बांबूचे ब्रश मिळतात. चांगले आहेत, पण बहुतेकांचे केस अजून नायलॉनचेच. टाकताना केस पकडीने उपटून दांडी वेगळी करावी लागते, आणि ओल्या बाथरूममध्ये दांडीला बुरशी धरते. माझ्या मते ब्रशपेक्षा पुडी आणि पॅड यांच्याकडे आधी लक्ष द्यावं. जुना ब्रश तसाही घरात आणखी वर्षभर काम करतो, नळाच्या खाचा, कंगवे, शिवणयंत्र.

वडोदऱ्यात सकाळी बाजाराच्या कडेला अजून दातण विकायला बसतात, बाभळीचं आणि कडुनिंबाचं. ज्याला सवय आहे त्याने जरूर वापरावं. पेस्ट सोडून मंजनाकडे वळणाऱ्यांना एक सावधगिरी. मंजन म्हणजे मिश्री नव्हे, आणि गुजरातेतल्या बायका दाताला लावतात ती 'बजर'ही नव्हे. दोन्ही तंबाखू. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 पासूनच बंदी आहे, तरी घरगुती मिश्री भाजली जातेच. विटेची पूड, कोळसा यांनीही दातांवरचं कवच झिजतं. डब्यातलं मंजन घेतलंत तर त्यात काय आहे ते वाचा, आणि मुलांच्या दातांना फ्लोराइड हवं की नको ते डॉक्टरला विचारा.

ट्यूब हीदेखील पुडीचीच बहीण, बऱ्याच ट्यूबमध्ये ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. आता काही कंपन्या एकाच जातीच्या प्लॅस्टिकची ट्यूब करू लागल्यात, ती पुन्हा वापरता येते, पण भंगारवाला अजून ती वेगळी ओळखत नाही. ट्यूब संपली वाटल्यावर कात्रीने आडवी कापा. आत आणखी पाच-सहा वेळचं निघतं.

ज्याबद्दल बोललं जात नाही ते

बाथरूममधल्या कचऱ्यात वजनाने आणि त्रासाने सगळ्यात मोठा वाटा सॅनिटरी पॅड आणि डायपरचा. पॅडचा वरचा थर, खालचा थर, पंख, वेष्टन, चिकटपट्टीवरचा कागद सोडला तर बरंचसं प्लॅस्टिकच. एका पाळीत 20 पॅड धरले तर वर्षाला 240. घरात दोन बायका असतील तर पाचशेच्या जवळ. डायपर दिवसाला पाच धरले तर एका बाळाचे वर्षाला 1,800 च्या वर.

हे लिहिताना एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. पॅडमुळे मुली पाळीत शाळेत जाऊ लागल्या, बायका कामावर जाऊ लागल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, 2019-21 मध्ये, 15 ते 24 वयाच्या मुलींपैकी 64 टक्के पॅड वापरतात आणि 50 टक्के कापड, म्हणजे बऱ्याच जणी दोन्ही. ज्या घरात पॅड आत्ता कुठे परवडायला लागलाय, तिथे जाऊन 'प्लॅस्टिक आहे, सोडा' सांगणं हा आगाऊपणा आहे. आणि सांगणारा पुरुष असेल तर जास्तच.

पण पर्याय माहीत असायला हरकत नाही. सिलिकोनचा मेन्स्ट्रुअल कप साधारण तीनशे ते पाचशे रुपयांत मिळतो आणि नीट ठेवला तर कित्येक वर्षं चालतो. पॅड सात रुपयांचा धरला तर 240 पॅडचे 1,680 रुपये होतात, म्हणजे तीन-चार महिन्यांत कपाचे पैसे वसूल. केरळात कोचीजवळचं कुंबलंगी गाव जानेवारी 2022 मध्ये सॅनिटरी पॅडमुक्त म्हणून जाहीर झालं, तिथे कप वाटून, वापरायचं शिकवून हे केलं. शिकवून, हा शब्द महत्त्वाचा. कप दर पाळीच्या आधी उकळावा लागतो, बदलायला स्वच्छ पाणी आणि दाराला कडी असलेलं बाथरूम लागतं. पहिल्या दोन-तीन पाळ्या जमत नाही, हे नॉर्मल आहे. तांबी बसवलेली असेल तर आधी डॉक्टरला विचारा.

पुन्हा वापरायच्या कापडी पॅडलाही आता भारतीय मानक आहे. त्यांची अडचण वाळवण्याची. आपल्या घरांत हे कापड दोरीवर उघडं घालत नाहीत, दुसऱ्या कपड्याखाली लपवून घालतात. ऊन लागत नाही, ओल राहते आणि तिथून त्रास सुरू होतो. कापडी पॅड घ्यायचे तर आधी घरातल्यांनी दोरीवर त्याला जागा द्यायला हवी. कडक ऊन हीच त्याची अर्धी स्वच्छता.

अहमदाबादची 'साथी' ही कंपनी केळीच्या धाग्यापासून पॅड बनवते. आपल्या जळगाव-नंदुरबारकडच्या वाचकांना हे वाचून वाईट वाटेल, कारण तिकडे घड उतरवल्यावर केळीचे खुंट बांधावर कुजत पडतात. अशा पॅडची किंमत साध्या पॅडपेक्षा जास्त असते. आणि ते कुजतात म्हणजे खतखड्ड्यात गेले तर कुजतात, काळ्या पिशवीत बांधून कचराडेपोत गेले तर फार उपयोग नाही.

पॅड सोडता येत नसेल तर निदान टाकायची पद्धत बदला. 2016 च्या घनकचरा नियमांत लिहिलं होतं की उत्पादकाने टाकण्यासाठी पाऊच द्यायचा, आणि वापरलेला पॅड किंवा डायपर त्यात किंवा कागदात नीट गुंडाळून द्यायचा. सेवासदनाच्या कचरागाडीत ओला-सुका वेगळा टाकता तसंच हेही वेगळं बांधा. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेने 'रेड डॉट' मोहीम काढली होती: पॅड वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि वर लाल ठिपका काढायचा. तो ठिपका कोणासाठी? जी बाई आपला कचरा हाताने उघडून वेगळा करते तिच्यासाठी. ठिपका दिसला की ती पुडकं उघडत नाही. याच संस्थेने त्याआधी गोळा झालेले वापरलेले पॅड पिशव्यांत भरून थेट कंपन्यांकडे परत पाठवले होते, पाऊच का देत नाही म्हणून. लाल स्केचपेन पाच-दहा रुपयांना येतं. वडोदऱ्यात, सुरतेत, बेळगावात, कुठेही हे उद्यापासून करता येईल, कोणाच्या परवानगीची गरज नाही.

संडासात मात्र काहीही टाकू नका. पॅड पाणी शोषतो आणि फुगतो, इअरबडची काडी वाकणावर अडकते, 'फ्लश करता येतं' असं लिहिलेले ओले टिश्यूही चेंबरमध्ये गोळा होतात. चोकअप झाला की शेवटी माणूसच बोलावला जातो, आणि मग त्याला गटारात उतरवलं जातं. कायद्याने त्याला बंदी आहे, तरी.

बाळाच्या बाबतीत आजीचं ऐका, अर्धंच ऐका. दिवसा लंगोट आणि दुपटी, रात्री आणि प्रवासात डायपर. एवढ्यानंही वर्षाचे हजारभर डायपर वाचतात, आणि बाळाला पुरळ कमी. धुणं कोण धुणार, हा प्रश्न घरात आधी सोडवा, नाहीतर सगळा पर्यावरणवाद सुनेच्या डोक्यावर बसतो.

कांस, नदी आणि मगर

मोरीतून गेलेलं पुढे कुठे जातं? इथे पावसाच्या पाण्याच्या उघड्या नाल्याला कांस म्हणतात. भूखी कांस, रूपारेल कांस ही नावं जुन्या वडोदेकरांना पाठ आहेत. या कांसा विश्वामित्रीला मिळतात. पावागडाहून निघालेली ही नदी शहराच्या मधून वाहते, तिच्यात मगरी आहेत, 2025 च्या गणनेत शहराच्या पट्ट्यातच 440 हून जास्त निघाल्या. पुढे ती ढाढरला मिळून खंभातच्या आखातात जाते.

ऑगस्ट 2024 च्या पुराचं खापर काही जण प्लॅस्टिकवर फोडतात. ते पूर्ण खरं नाही. प्रचंड पाऊस, आजव्याचं पाणी, आणि नदीच्या पात्रात झालेली बांधकामं ही मोठी कारणं. पुडीने पूर आणला नाही. पण कांसाचं तोंड तुंबलं की गल्लीतलं पाणी ओसरायला वेळ लागतो, आणि पूर उतरल्यावर नदीकाठच्या झाडांना झबल्यांच्या चिंध्या लटकलेल्या सगळ्यांनी पाहिल्यात.

बाकीचं थोडक्यात. इअरबड कागदाच्या काडीचा मिळतो, पण कानाचे डॉक्टर तर तोही घालू नका म्हणतात, मळ आत ढकलला जातो. फेकायच्या रेझरऐवजी धातूचा रेझर आणि कागदात गुंडाळलेलं पातं. वापरलेलं पातं मात्र सुटं टाकू नका, जुन्या डब्यात साठवून झाकण बंद करून द्या. आणि एक विनंती, घरातली प्लॅस्टिकची बादली आणि टमरेल चांगली असताना काढून टाकून तांब्याची आणू नका. दहा वर्षं चाललेली बादली हे एकदा वापरून फेकायचं प्लॅस्टिक नाही. फोटोसाठी बांबूचा नवा संच आणणं म्हणजे चालू वस्तू कचऱ्यात घालणं.

शेवटी फिनाईल. सोसायट्यांत सायकलवर किंवा टेम्पोत कॅन घेऊन फिनाईलवाला येतो आणि आपल्याच बाटलीत भरून देतो. परदेशात आता 'रिफिल स्टोअर' म्हणून जे निघालंय ते इथे वर्षानुवर्षं दारात येतंय, आणि पैसेही कमी. चार घरांनी मिळून पाच लिटरचा कॅन घेतला तर हँडवॉशही असंच वाटून घेता येईल. मात्र फिनाईल किंवा ॲसिड थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही भरून घेऊ नका. ॲसिडच्या सुट्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये निर्बंध घातलेत, ते दारावर घेऊच नये. फिनाईलसाठी एक वेगळी, जाड, पांढरी बाटली ठेवा, तिच्यावर पक्क्या मार्करने मोठ्या अक्षरांत 'फिनाईल' लिहा, मराठीत आणि गुजरातीत दोन्ही, आणि बाटली मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवा.